चीक वाळेपर्यंत

बाभळीचा काटा टायरमध्ये शिरतो तेव्हा काहीच कळत नाही. उपटला की कळतं. ट्यूब असलेल्या सायकलीत नुसती फुस्स होऊन चाक बसतं. ट्यूबलेसमध्ये मात्र त्या भोकातून हवेबरोबर पांढरा फवारा बाहेर येतो आणि चाक फिरतं असेल तर तो एका जागी पडत नाही. मागचं चाक असेल तर सीटखालच्या दांड्यावर, ब्रेकवर, बाटलीवर, पोटऱ्यांवर आणि पाठीवर थेट मानेपर्यंत. पुढचं असेल तर फ्रेमच्या पोटाला, बुटांवर, कधी गॉगलवर. चार-दोन फेऱ्यांत भोक बुजतं, हवा थांबते, बरोबरचे लोक ‘वा!’ म्हणतात आणि सगळे पुढे निघतात. सासवडला मिसळीसाठी थांबेपर्यंत अंगावरचे थेंब वाळलेले असतात. मग हॉटेलच्या बेसिनपाशी उभं राहून कितीही साबण लावा, ते हलत नाहीत.

सायकलवाल्यांच्या गप्पांत सीलंट, म्हणजे टायरमध्ये आधीच भरून ठेवलेला हा भोक बुजवणारा पांढरा द्रव, कोणतं चांगलं, किती मिली घालायचं, किती महिन्यांनी पुन्हा भरायचं यावर तास-तास चर्चा होते. ते अंगावरून आणि सायकलीवरून काढायचं कसं, यावर जो तो आपापला जालीम उपाय सांगून मोकळा होतो, आणि त्यातले बहुतेक उपाय सायकलीला किंवा कातडीला भारी पडणारे असतात. म्हणून हा लेख.

आधी हे सांगायला हवं, की आमच्या भागात सीलंट ही चैन नव्हे. पुण्याहून दिवेघाट किंवा बोपदेव घाट चढून वर पठारावर गेलं की रस्त्याच्या दोन्ही कडांना बाभळी सुरू होतात. बांधावर कुंपणाला रचलेली काटेरी फांदी वाऱ्याने रस्त्यावर येते. शेळ्यांसाठी तोडलेल्या डहाळ्यांचा पाला शेळ्या खातात आणि काटे आपल्यासाठी ठेवतात. इंदापूर-सोलापूरकडे गेलात तर वेडी बाभूळ मैलोन्‌मैल सोबतीला असते. हायवेवर आणखी एक प्रकार: ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून निघालेल्या केसाएवढ्या बारीक पोलादी तारा. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, टायरच्या आतून बोट फिरवलं की टोचतात. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी असते, ती साडेतेरा तासांत पुरी करायची असते, आणि त्यात दर काट्याला थांबून चाक काढत बसणं परवडत नाही. सीलंटचा फवारा अंगावर घेणं परवडतं.

सायकलीतला ट्यूबलेसचा जमाना तसा अलीकडचा. माविक या फ्रेंच कंपनीने मिशेलिन आणि हचिन्सन यांच्या साथीने 1999 साली डोंगरी सायकलींसाठी ट्यूबलेस चाकांची पद्धत बाजारात आणली. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेतल्या स्टॅन कोझियाटेक यांनी साध्या रिमला चिकटपट्टी लावून आणि टायरमध्ये पांढरा द्रव ओतून तेच काम जमतं हे दाखवलं. आज सायकलींच्या दुकानात सीलंटच्या ज्या बाटल्या दिसतात त्यांतल्या बऱ्याचशा याच वाटेवरच्या आहेत, आणि त्यांच्यात मुख्य जिन्नस आहे रबराचा चीक. कधी झाडाचा, कधी कारखान्यात बनवलेला.

मोटरसायकलच्या टायरमध्ये गॅरेजवाले भरतात ती जेल निराळी. ती बहुधा ग्लायकॉलमध्ये तंतू आणि बारीक भुकटी घालून केलेली असते. ती वाळली तरी कोमट पाण्याने भिजवली की सुटते, त्यामुळे तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकच सांगते: त्यात एथिलीन ग्लायकॉल असेल तर ते चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक असतं. धुतलेलं पाणी सोसायटीच्या कुत्र्यामांजरांना चाटता येईल असं सोडू नका.

चिकाचं मात्र पाण्याशी असलेलं नातं एकदा तुटलं की तुटलं. बाटलीत असतो तोवर चीक म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे अतिसूक्ष्म कण. प्रत्येक कणावर प्रथिनांचं आणि स्निग्धाचं पातळ आवरण असतं, त्यावर ऋण भार असतो, आणि त्या भारामुळे कण एकमेकांना दूर ढकलत राहतात. अमोनिया घालून चीक अल्कधर्मी ठेवला की हा दुरावा टिकतो. सीलंटची बाटली उघडल्यावर नाकात जाणारा तो भपका बहुतेकदा त्याचाच. टायरला भोक पडलं की हवा जोरात बाहेर धावते, तिच्याबरोबर चीक त्या चिंचोळ्या वाटेत कोंबला जातो, सोबतची भुकटी अडकते, पाणी उडतं, आवरणं फाटतात आणि कणांमधल्या रबराच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंततात. झाला बूच. नेमकं हेच तुमच्या पोटरीवरही घडतं, फक्त जरा सावकाश. दुधात लिंबू पिळल्यावर फाटलेलं दूध पुन्हा सरळ होत नाही, तसंच हे. त्यामुळे वाळलेलं सीलंट ‘धुऊन काढायचं’ हा विचारच सोडून द्यावा. ते धुण्याची वेळ पहिल्या काही मिनिटांत निघून गेलेली असते.

त्या पहिल्या काही मिनिटांत मात्र बाटलीतलं साधं पाणी आणि एखादं फडकं एवढं पुरतं. अंगावर फवारा आला, चाक टिकलं, की पुढे निघण्याआधी पाय आणि फ्रेम ओल्या रुमालाने पुसून घ्या. डोळ्यांत गेलं असेल तर तिथेच थांबून भरपूर पाण्याने धुवा आणि चुरचुर राहिली तर डॉक्टरांकडे जा. अमोनियाशी खेळू नये. ज्यांना रबराच्या हातमोज्यांनी अंगावर पुरळ येतं त्यांनी तर चिकाच्या सीलंटपासून लांबच राहावं. अशा काहींना केळं, किवी, ॲव्होकाडोही चालत नाहीत, कारण त्या फळांतली काही प्रथिनं रबराच्या चिकातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात.

खरी पंचाईत होते ती अर्धवट वाळलेल्या चिकाची. वरून साय धरलेली असते, आत ओल असते. अशा वेळी पुसायला गेलं की तो पसरतो, फडक्याचे तंतू त्यात अडकतात, आणि एका थेंबाच्या जागी तळहाताएवढा राखाडी पट्टा तयार होतो. पांढऱ्या रंगाच्या सायकली बाळगणाऱ्यांना विचारा. माझं मत असं, की पहिली संधी हुकली तर सरळ हात मागे घ्यावेत. घरी जावं, आंघोळ करावी, जेवावं, झोपावं. दुसऱ्या दिवशी चीक पारदर्शक, पिवळसर आणि कोरडा झालेला असतो. मग तो अंगठ्याने चोळला की त्याची वळी होते आणि वळीबरोबर आजूबाजूचा पापुद्राही सुटत येतो. फ्रेमच्या चकचकीत रंगावरून तर हे इतकं छान निघतं की दोन-चार थेंब संपल्यावर आणखी कुठे राहिलेत का हे आपण शोधायला लागतो.

पण आपल्याला धीर नसतो. विशेषतः सायकल नवी असेल आणि तिच्या हप्त्यांची आठवण ताजी असेल तर नाहीच.

आमच्या ग्रुपमधल्या एका दादांनी मॅट काळ्या फ्रेमवरचे डाग पेट्रोलने काढायला घेतले. पेट्रोलचा आणि कच्च्या रबराचा सलोखा आहे हे खरं. पेट्रोल लागलं की रबर ते पितं, फुगतं, लिबलिबीत होतं. पण पुसता पुसता विरघळून नाहीसं होत नाही. त्याचा एक चिकट थर होतो आणि तो मॅट रंगाच्या खरबरीत पृष्ठभागात आणखी खोल जाऊन बसतो. दादांच्या फ्रेमवर डागांच्या जागी चकाकते ढग उमटले, वर स्टिकरची एक कड सुटली. हातांची गोष्ट वेगळीच. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. आपल्याकडच्या इंधनात ते 1 टक्क्याच्या आत ठेवायचं बंधन आहे, तेही ते कर्करोगकारक आहे म्हणूनच. कातडीवरचं तेल ओरबाडून नेणारी अशी गोष्ट पोटऱ्यांना चोळायची काही गरज नाही. घासलेट त्या मानाने सौम्य, पण वास दोन दिवस जात नाही आणि घरात कोणी जवळ बसू देत नाही.

नेलपॉलिश रिमूव्हरची गंमत तर आणखी उलटी. त्यातलं ॲसिटोन नैसर्गिक रबराला फारसं शिवत नाही, पण रंगाला, लॅकरला आणि काही जातींच्या प्लॅस्टिकला ते भराभर खातं. म्हणजे चीक जागच्या जागी आणि खालचा रंग गायब. मैत्रिणीच्या गॉगलची काच अशीच धुरकट झाली.

संत्र्याच्या सालीवर माझा जरा जास्त जीव आहे. लहानपणी साल दुमडून फुगवलेल्या फुग्यावर तिचा फवारा सोडायचा आणि फुगा फट्‌कन फुटायचा, हा खेळ कित्येकांनी खेळलेला असेल. सालीच्या तेलातलं लिमोनिन पातळ रबराला जागच्या जागी मऊ करतं, म्हणून तो फुटतो. सायकलच्या दुकानात संत्र्याच्या वासाचे जे डीग्रीझर, म्हणजे तेलकट मळ काढणारे द्रव मिळतात, त्यांतल्या खऱ्या लिमोनिनवाल्यांचं काम याच गुणावर चालतं. दाट, जुन्या, हट्टी डागावर थोडंसं लावून पाच मिनिटं थांबलं तर कडा सुटते. नागपुरी संत्र्याची साल थेट डागावर पिळूनही पाहिली आहे. कडा सुटली. पण अख्खी फ्रेम अशी साफ करायची तर संत्री पेटीने आणावी लागतील आणि ती खाणार कोण, हा प्रश्न उरेल.

या सगळ्यांपेक्षा आमच्या पंक्चरवाल्या काकांचं ऐकावं. ट्यूबलेस सायकलींवर त्यांचा राग आहे, आणि तो साहजिक आहे. घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधण्याचा त्यांचा धंदा या पांढऱ्या पाण्याने खाल्ला. तरी माझ्या हँडलवरचे डाग पाहून त्यांनी काही न बोलता अंगठा लावला आणि दोन सेकंदांत एक बारीक काळपट वळी करून जमिनीवर टाकली. काकांचा अंगठा आणि तर्जनी दिवसभर हेच करत असतात. पॅच लावताना ट्यूबवर जे सोल्यूशन चोळतात ते बोटांना लागतंच. ते धुवायला ते कधीच उठत नाहीत. वाळू देतात, बोटावर बोट चोळतात, वळी पडते, पुढची ट्यूब घेतात. ते सोल्यूशन म्हणजेही पेट्रोलच्या जातीच्या द्रावकात विरघळवलेलं रबर. नॅफ्था नावाच्या अशाच द्रावकात रबर विरघळवून दोन कापडांच्या मध्ये ते चोपडायचं आणि पावसाळी कोट करायचा, हे स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 मध्ये पेटंट केलं होतं. काकांच्या लाल-पिवळ्या ट्यूबमधला वास त्या कोटांनाही येत असणार. लोक नाक मुरडायचे म्हणतात.

अंगावरच्या चिकासाठी मात्र नुसता अंगठा पुरत नाही, कारण अंगावर लव असते. वाळलेला चीक लवेला गुंडाळून बसतो आणि ओढला की डोळ्यांत पाणी येतं. पोटऱ्या गुळगुळीत ठेवणारे शर्यतवाले याबाबतीत सुखी. मी तसलं काही करत नाही, त्यात माझी वेणी पाठीवर लोंबत असते, तेव्हा मागच्या चाकाचा फवारा आला की तिचं टोक हमखास सापडतं. अशीच एका रविवारी घरी पोचले तर आई दारातच म्हणाली, “काय गो, फणस कापून इलंस?”

आई सावंतवाडीकडची. पुण्यात येऊन तिला चाळीसेक वर्षं झाली, पण चिडली किंवा थट्टेत आली की भाषा घाट उतरून खाली जाते. तिने खोबरेल तेलाची बाटली आणली, वाटीत ओतून कोमट केलं आणि माझ्या पोटऱ्यांना थापलं. “ऱ्हव आता तशीच,” म्हणाली. तेल चिकात हळूहळू मुरतं, त्याला फुगवतं आणि मुख्य म्हणजे कातडी आणि चीक यांच्या मध्ये शिरतं. अर्ध्या तासाने सुती फडक्याने पुसलं तर चीक लव सोडून फडक्यावर आला. वेणीचं टोक तेलात बुडवून ठेवलं, मग बारीक दातांच्या फणीने एकेक गुठळी खाली सरकवत टोकापर्यंत आणून काढली. कात्री लागली नाही. शेवटी साधा साबण.

हे करताना तिचं बोलणं चालूच होतं. कोकणात फणस कापायला घेतला की विळीला आणि हातांना तेल आधी लावतात. चीक लागल्यावर लावणारा माणूस नवखा. “तेल आधी लावूचा असता, मगे नाय.” तेव्हापासून टायरमध्ये सीलंट भरायला बसण्याआधी मी कोपरापर्यंत तेलाचा हात फिरवते. त्या दिवशी काही लागलं तरी पाण्याखाली हात धरून चोळले की मोकळे. फक्त तेलकट हात ब्रेकच्या डिस्कच्या आसपास न्यायचे नाहीत, आणि टायरलाही तेल बरं नाही. म्हणून बोटं पुसून घ्यावी लागतात, पण मनगटापासून वरचा भाग वाचतो.

फणसावरून विषय रबरावर गेला, कारण सावंतवाडी-दोडामार्गकडे आता फणसापेक्षा रबराची झाडं जास्त डोळ्यांत भरतात. केरळातून आलेल्या लोकांनी तिथे जमिनी घेऊन रबराच्या बागा उभ्या केल्या. ब्राझीलच्या जंगलातलं हे झाड. 1876 साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने तिथून सुमारे 70,000 बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या, त्यातली रोपं पुढे श्रीलंकेत आणि आग्नेय आशियात गेली, 1902 मध्ये केरळात पेरियारकाठी तट्टेकाडला भारतातली पहिली व्यापारी लागवड झाली. आणि आता माझ्या मामाच्या घरामागच्या डोंगरउतारावर त्याच झाडाच्या रांगा आहेत. मामाला त्या आवडत नाहीत. तिथे पूर्वी जंगल होतं, पावसाळ्यात अळंबी मिळायची, असं तो दर वेळी सांगतो, आणि एकाच झाडाने भरलेल्या डोंगराबद्दलचा त्याचा राग मला पटतो. तरी थंडीतल्या एका पहाटे मी त्याच्याबरोबर एका बागेत गेले, कारण टायरमध्ये जे ओतते ते झाडातून निघताना पाहायचं होतं.

काम उजाडण्याआधी सुरू होतं. पहाटे झाडाच्या अंगात रसाचा दाब जास्त असतो, ऊन चढलं की धार मंदावते. कोट्टयमकडचा एक टॅपर, म्हणजे झाडाला काप देऊन चीक काढणारा, डोक्याला बॅटरी बांधून झाडामागून झाड करत चालला होता. प्रत्येक खोडावर डावीकडून उजवीकडे उतरत गेलेला तिरका काप, त्याच्या टोकाला पत्र्याची पन्हळ, खाली वाटी. मला वाटलं होतं तो आधी सुरी लावेल. त्याने आधी बोट लावलं. आदल्या खेपेच्या कापावर वाळलेल्या चिकाची एक दोरी बसलेली होती, ती त्याने एका टोकाला नखाने उचलली आणि एका ओढीत सबंध काढून कमरेच्या पिशवीत टाकली. मग वाटीच्या तळाशी गोठलेला चकतीसारखा गोळा काढला, तोही पिशवीत. मग कुठे सुरीने सालीचा कागदाएवढा पापुद्रा तासला, आणि काप पांढऱ्या थेंबांनी भरून आला.

झाडाला जखम झाली की ती बुजवायला आणि पाला कुरतडणाऱ्या किड्यांची तोंडं चिकटवायला चीक येतो. टॅपर ती जखम पुन्हा पुन्हा उघडतो. साधारण एक दिवसाआड. झाड दर वेळी ती बुजवतं. त्यामुळे वाळलेला चीक काढणं हे त्याच्या रोजच्या कामाचं पहिलं पाऊल आहे, प्रत्येक झाडाला, सुरीच्याही आधी. मी विचारलं, या दोऱ्यांचं काय करता? तर म्हणाला, “ओट्टुपाल. बिकता है.” स्वच्छ चिकाएवढा भाव नाही, पण किलोवर विकला जातो. गिरणीत धुऊन, रुळांखाली चेपून त्याचं क्रेप रबर करतात. खाली मातीत सांडून वाळलेलाही गोळा करतात, त्याचा भाव आणखी कमी.

वाटीतला पातळ चीक दुपारच्या आत गोळा होतो आणि मग त्याच्यापुढे दोन वाटा असतात. फॉर्मिक आम्ल टाकलं तर ट्रेमध्ये गोठून पांढरी लादी होते, ती रुळांतून काढून धुराच्या खोलीत टांगली की तपकिरी शीट. अमोनिया टाकला तर चीक पातळच राहतो, यंत्रात घुसळून त्यातलं पाणी कमी करतात, रबराचं प्रमाण 30-40 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेतात, आणि तो हातमोजे, फुगे, गाद्या आणि माझं सीलंट करायला जातो.

त्या एका ओढीने माझ्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, चीक पुरता वाळलेला होता म्हणून तो अखंड आला. दुसरी, तो जाड होता. सायकलीवरचा थेंब पातळ असतो, म्हणून तो तुकड्या-तुकड्याने तुटतो. मग त्याला जाड करावं. टायरच्या आतून जुनं सीलंट सोलून काढताना जे पापुद्रे निघतात, त्यांचा मी एक गोळा वळला. हा गोळा वाळलेल्या डागावर दाबून फिरवला की डाग फ्रेम सोडून गोळ्याला जाऊन मिळतो. कच्च्या रबराला कच्च्या रबराइतकं घट्ट दुसरं काहीच चिकटत नाही. कुठलंही रसायन नाही, रंगाला ओरखडा नाही, मॅट असो की चकचकीत. सीलंट काढायला मला सापडलेलं सगळ्यांत चांगलं साधन सीलंटच आहे, आणि ते दर वापरागणिक मोठं होतं. चित्रकार आणि कागदकाम करणारे लोक रबर सिमेंट या गोंदाचे डाग उचलायला क्रेप रबराची चौकोनी वडी वापरतात. ती माझ्या गोळ्याची सख्खी बहीण. मुळात 1770 मध्ये जोसेफ प्रीस्टलीने या पदार्थाची दखल घेतली ती कागदावरची पेन्सिलीची खूण पुसायला उत्तम म्हणूनच. सायकलीचा हवा भरलेला टायर त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी आला, डनलॉपने 1888 मध्ये आणला तेव्हा.

उरलेलं भराभर सांगते. डिस्क ब्रेक असेल तर तिथे तेल, डीग्रीझर, डब्ल्यूडी-40चा तेलकट फवारा यांतलं काहीही नको. डिस्कवरचा चीक वाळू द्यायचा, सोलायचा आणि मग स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं. पॅडला लागला असेल तर पॉलिश पेपरवर घासून पाहायचं, नाहीतर पॅड बदलायचे. ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये. व्हॉल्व्ह तुंबला तर कोअर, म्हणजे त्याच्या आतला सुटा भाग, छोट्या पान्याने फिरवून बाहेर काढायची आणि आतला चीक टाचणीने ओढून घ्यायचा. कोअर फारच भरली असेल तर नवी टाका, स्वस्त असते. कार्बनच्या रिमवर लोखंडी पातं कधीच नाही, प्लॅस्टिकचा टायर लिव्हर पुरतो. टायरच्या आतला जुना थर जाड झाला असेल तरच काढा, पातळ असेल तर तो टायरला आतून मदतच करतो. पुण्याच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, तेव्हा मार्चमध्ये एकदा चाक कानाशी धरून हलवायचं. आत खळखळ नसेल तर भरायचं. आणि गॅसच्या छोट्या सिलिंडरने हवा भरणार असाल तर आधी सीलंटच्या बाटलीवरचं वाचा, काही चीक कार्बन डायऑक्साइडने अकाली गोठतात.

कपड्यांबद्दल आशा ठेवू नये. सुती कापडात चीक धाग्यांच्या आत जाऊन वाळतो, तिथे गोळाही चालत नाही आणि तेलाने नवा डाग पडतो. माझा एक टी-शर्ट सायकल पुसायच्या फडक्यांत गेला आहे. सायकलिंगच्या जर्सीचं कापड गुळगुळीत असतं, तिच्यावरून थोडंफार निघतं, पण उन्हात धरलं की जागा कळतेच. ब्रेव्हेवाल्यांच्या पाठीवरच्या त्या ठिपक्यांच्या रांगेवरून कोणाचं कुठलं चाक कधी फुटलं ते आम्ही ओळखतो.

भिंतीचा प्रश्न मात्र माझ्याने सुटला नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल उलटी करून मी टायर चढवते, आणि पहिल्यांदा हवा भरताना टायर रिमवर नीट बसला नसेल तर कडेने फवारा उडतो. मागच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला असे पिवळसर ठिपके पडले होते. डिस्टेंपरवरून चीक काढायला गेलं की डिस्टेंपरच त्याच्याबरोबर येतं. मीटिंगमध्ये विषय निघाला. सेक्रेटरी काकांनी विचारलं, “हे नक्की काय आहे, आणि वास कसला?” दोन्हीची उत्तरं दिली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. दिवाळीआधी रंगारी येणारच होता, त्याच्याकडून तेवढा भाग माझ्या खर्चाने करून घ्यायचा ठरला.

रंगाऱ्याने पत्र्याने ठिपके खरवडले, पुट्टी भरली आणि कड सरळ यावी म्हणून पायऱ्यांच्या कडेला टेप लावली. माझी सायकल शेजारीच होती, मी फ्रेमवरून गोळा फिरवत बसले होते. तो थोडा वेळ बघत राहिला. मग हात पुढे करून गोळा मागितला आणि आदल्या दिवशीची टेप काढल्यावर फरशीवर राहिलेल्या गोंदाच्या पट्टीवर तो घासून पाहिला. गोंद गोळ्याला लागून आला, फरशी कोरडी.

“ताई, हा कुठे मिळतो?”

“मिळत नाही. टायरमधून काढावा लागतो.”

“मग हा मी नेऊ?”

दिला. पुढचं चाक दुसऱ्याच दिवशी उघडायचं होतं, नवा गोळा वळण्याइतका माल त्यात होताच.